अक्षराचं पोट

सप्टेंबर २०२३मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निर्णय आले आणि धाराशिव जिल्ह्यातल्या पाट्यांना हात लावायची वेळ आली. १५ सप्टेंबरला राज्य शासनाने उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव केल्याची अधिसूचना काढली. शहराच्या नावाला त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राची मान्यता मिळाली होती. २५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली होती. त्यानुसार दुकान लहान असो की मोठं, पाटीवर देवनागरी अक्षरं हवीत, आधी हवीत आणि शेजारच्या दुसऱ्या लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत.

नावाचा वाद न्यायालयात गेला. मे २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. जून २०२५पासून रेल्वे स्थानकाचं नावही धाराशिव झालं. तो वाद या लेखाचा विषय नाही. मला लिहायचं आहे ते त्या चार अक्षरांच्या घडणीबद्दल. एका जिल्ह्याचं नाव शाळांवर, ग्रामपंचायतींवर, एसटीच्या पाट्यांवर, शिक्क्यांवर, दुकानांच्या कपाळावर नव्याने लिहिलं जातं, तेव्हा ते कोणत्या अक्षरांत लिहिलं जातं? जाड, ठसठशीत अक्षर निवडलं तर ते जाड कसं करायचं? जाड केल्यावर ते वाचता येतं का?

या जिल्ह्याला पाट्या बदलण्याची सवय आहे. निजामी राजवटीत आधी या जिल्ह्याचं नाव नळदुर्ग होतं. मग मुख्य ठिकाण धाराशिवला आलं आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून उस्मानाबाद झालं. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि उर्दूतला राज्यकारभार संपला. १९५६मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. १९८२मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला. दर वेळी कुठेतरी कोणीतरी शिडी लावून वर चढला, जुनं नाव खरवडलं आणि नवं लिहिलं. इतिहासाच्या पुस्तकात त्या माणसाची नोंद नसते. पण राज्य बदललं हे सामान्य माणसाला आधी कळतं ते त्याने लिहिलेल्या पाटीवरून.

पाटी वाचणारा थांबत नाही

पुस्तक वाचणारा बसलेला असतो, पाटी वाचणारा चाललेला असतो. एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत माणसं तिची पाटी वाचतात आणि रुमाल टाकायला पळतात. काचेवर धूळ असते, ऊन डोळ्यावर येत असतं, हातात पिशव्या असतात. अशा वेळी कोणी एकेक अक्षर लावत बसत नाही. शब्दाचा एकूण आकार ओळखला जातो. ‘तुळजापूर’ लांबून ओळखू येतं, कारण त्याच्या खाली दोन उकार लोंबतात आणि मध्ये ‘ळ’चे दोन गोल असतात. ‘भूम’ म्हणजे दोनच अक्षरं, तीही आखूड. ‘लोहारा’ म्हणजे वर एक मात्रा आणि मध्ये घड्या घातलेला ‘ह’.

नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्यांवर रात्रभर पायी चालणारी माणसं असतात. सोलापूरकडून येणारी, बार्शीकडून येणारी, कर्नाटकातून येणारी. त्यांच्यातल्या कित्येकांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं असतं, कित्येकांची मातृभाषा कन्नड असते. ‘दर्शन रांग’, ‘पिण्याचे पाणी’, ‘दवाखाना’ हे फलक त्यांच्यासाठी असतात. तिथे नाजूक, वळणदार अक्षर कामाचं नाही. तिथे जाड अक्षर लागतं, आणि तेही असं, जे दिव्याच्या झगमगाटात, गर्दीच्या डोक्यांवरून, डुलक्या घेत चालणाऱ्या माणसालाही कळावं.

म्हणजे ठळक अक्षर ही चैन नाही, गरज आहे. प्रश्न ठळक म्हणजे काय हा आहे.

पेंटरचा दोरा

माझ्या लहानपणी पाटी रंगवणारा पेंटर दिसला की आम्ही पोरं शाळा विसरून उभी राहायचो. पत्रा घासून, आधीचा रंग काढून, त्यावर नव्या रंगाचे दोन हात दिलेले असायचे. तो वाळला की पेंटर खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. टप्प असा आवाज व्हायचा आणि पत्र्यावर सरळ रेघ उमटायची. एक रेघ शिरोरेषेची, एक अक्षराच्या तळाची. वर वेलांटी आणि मात्रेसाठी जागा, खाली उकारासाठी जागा. नवखा माणूस ही जागा विसरतो आणि मग ‘भूम’चा उकार पत्र्याच्या कडेवर आपटतो.

मग खडूने अक्षरांची मापं. ब्लॉक अक्षर असेल तर पेंटर आधी कडा ओढायचा, चपट्या ब्रशने, श्वास रोखून. नंतर आतलं भरायचा. भरताना आतल्या पोकळीकडे त्याचं सतत लक्ष असायचं. ‘व’चं पोट बुजत चाललं असं वाटलं की तो पाटीच्या मूळ रंगाचा ब्रश घ्यायचा आणि आतून गोल मोकळा करायचा. मधूनच चार पावलं मागे, रस्त्याच्या कडेपर्यंत जायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि परत यायचा.

ते मागे जाणं तेव्हा मला विश्रांती वाटायची. आज कळतं, की तेच त्याचं खरं काम होतं. अक्षर तो हातभर अंतरावरून लिहीत होता, वाचणारा शंभर फुटांवरून वाचणार होता. ही दोन अंतरं जुळवण्यासाठी त्याच्याकडे दुसरं साधन नव्हतं.

वर्तुळाचा मोह

जाड आणि भौमितिक अक्षर, म्हणजे पट्टी आणि कंपासने आखल्यासारखं, सगळीकडे एकाच जाडीचं, ही कल्पना युरोपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोर धरून आली. जर्मनीत पॉल रेनर यांनी घडवलेला ‘फ्युचुरा’ हा टाइप १९२७मध्ये बाजारात आला. वर्तुळ, त्रिकोण, सरळ रेघ एवढ्यावर उभी असलेली ती अक्षरं होती. १९६९मध्ये अपोलो ११च्या यानाबरोबर चंद्रावर जो फलक गेला, त्यावरची अक्षरंही याच वळणाची. पण फ्युचुरात एक गुपित आहे. त्यातली वर्तुळं नजरेला वर्तुळं वाटतात, कंपास ठेवून मोजली तर जागोजागी दुरुस्त्या सापडतात. रेनर यांनी भूमितीला नजरेपुढे नमतं घ्यायला लावलं होतं.

देवनागरीत हा मोह आणखी अवघड आहे. आपली अक्षरं बोरूने घडली. तिरक्या कापलेल्या टोकामुळे काही फटकारे जाड, काही बारीक झाले, आणि ही जाडी रोमन लेखणीच्या उलट्या दिशेने पडते. म्हणून रोमन टाइपाचा नियम उचलून देवनागरीला लावला की अक्षर परकं दिसतं. शिवाय आपल्या अक्षरांना वर शिरोरेषा बांधून ठेवते, वरच्या मजल्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार राहतात आणि तळघरात उकार. रोमन अक्षराला जाडी वाढवायला आजूबाजूला मोकळं रान असतं. देवनागरी अक्षर दाट वस्तीत राहतं.

तरीही वर्तुळ देवनागरीला परकं नाही. ‘ठळक’ हाच शब्द लिहून बघा. ‘ठ’ म्हणजे शिरोरेषेला टांगलेलं एक वर्तुळ. ‘ळ’ म्हणजे शेजारी शेजारी दोन. ‘क’ म्हणजे उभ्या दंडाच्या एका बाजूला बंद गोल आणि दुसऱ्या बाजूला उघडी कमान. हा शब्द जणू भौमितिक अक्षरासाठीच जन्माला आला आहे. मग अडचण कुठे येते? ती स्वतः अनुभवावी म्हणून मी एका संध्याकाळी आलेखाचा कागद, कंपास आणि पट्टी घेऊन ‘धाराशिव’ लिहायला बसलो.

चार अक्षरं, सहा उभ्या रेघा

उलट्या टोकाने सुरुवात केली, कारण ‘व’ सोपा. बाहेरचं वर्तुळ, आतलं वर्तुळ, शेजारी दंड, वर शिरोरेषा. सगळ्यांची जाडी एक सेंटिमीटर. पूर्ण झाल्यावर कागद भिंतीला लावला आणि लांब गेलो. शिरोरेषा दंडापेक्षा जाड वाटत होती. मोजली, तर बरोबर एक सेंटिमीटर. आपली नजर आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड बघते. म्हणून टाइप घडवणारे आडवी रेघ मुद्दाम थोडी बारीक ठेवतात. दुसरं, वर्तुळ जिथे दंडाला येऊन मिळतं तिथे काळा डाग दिसत होता. दोन जाड रेघा एका कोपऱ्यात घुसल्या की तिथे शाई साचल्यासारखी वाटते. त्यावर उपाय म्हणजे वर्तुळ दंडाजवळ येताना हळूहळू निमुळतं करायचं. असं केल्यावर ते वर्तुळ राहिलं नाही, पण ‘व’ मात्र आता गोल दिसू लागला.

मग ‘शि’. ऱ्हस्व वेलांटीचा दंड ‘श’च्या आधी उभा राहतो आणि कमान ‘श’वरून जाऊन त्याच्या दंडावर टेकते. ही कमान किती लांब असावी हे पुढच्या अक्षराच्या रुंदीवर ठरतं. ‘रि’ची कमान आखूड, ‘शि’ची लांब. काटकसरीने केलेल्या फाँटमध्ये एकच कमान सगळ्यांना वापरतात. मग ती ‘श’च्या डोक्यावर अर्ध्यातच थांबते, वळचण अपुरी पडलेल्या घरासारखी. नीट घडवलेल्या फाँटमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक वेलांट्या साठवलेल्या असतात.

‘श’चं आणखी एक आहे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. २०२२मध्ये राज्य शासनाने वर्णमालेबाबत निर्णय काढून पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरायला सांगितलं. अनेक फाँटमध्ये मराठी वळणं आत असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. जिल्ह्याच्या नावातच ‘श’ आहे. पाटी करणाऱ्याने एक कळ दाबली नाही, तर नावाचं वळण बदलतं.

‘रा’ लिहिताना मला पहिल्यांदा उभ्या रेघा मोजाव्याशा वाटल्या. ‘ध’चा दंड, त्याचा काना, ‘र’चा काना, वेलांटीचा दंड, ‘श’चा दंड, ‘व’चा दंड. चार अक्षरांत सहा उभ्या रेघा. त्यातल्या दोन जोड्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. पहिली जोडी ‘धा’ची, ती एकाच अक्षराची. दुसरी जोडी ‘रा’च्या कान्याची आणि ‘शि’च्या वेलांटीची, ती दोन वेगळ्या अक्षरांची. रेघा बारीक असतात तेव्हा हा फरक आपोआप कळतो. त्या जाड झाल्या की दोन्ही जोड्या सारख्याच खांबांच्या दिसतात. मग मधली फट किती ठेवायची यावर सगळं येतं. ‘धा’तली फट किंचित कमी, ‘रा’ आणि ‘शि’मधली किंचित जास्त. आलेखाच्या कागदावरचा चौकोन इथे काही मदत करत नाही. इथे पेंटरसारखं चार पावलं मागे जावं लागतं.

शेवटी ‘ध’, सगळ्यात अवघड. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक काय? ‘घ’च्या डोक्यावर शिरोरेषा पूर्ण असते. ‘ध’च्या डोक्यावर ती तुटलेली असते आणि डाव्या टोकाला एक छोटी गाठ असते. म्हणजे सगळा फरक एका मोकळ्या जागेचा. अक्षर जाड करत गेलो तशी ती गाठ फुगत गेली, मोकळी जागा आकसत गेली आणि एका टप्प्यावर माझ्या कागदावर चक्क ‘घाराशिव’ उभं राहिलं.

एका किराणा दुकानाच्या फलकावर मी ‘घान्य भांडार’ असं वाचलं होतं. तेव्हा वाटलं, शुद्धलेखनाची चूक आहे. जवळ जाऊन बघितलं तर ‘ध’ बरोबर टाइप केलेला होता. अक्षर उठून दिसावं म्हणून कडेने जाड रेघ वाढवली होती आणि त्या रेघेने ‘ध’चं तोंड बंद केलं होतं. लिहिणाऱ्याने चूक केली नव्हती, जाडीने केली होती.

‘उस्मानाबाद’मध्ये हा धोका नव्हता. तिथे वेगळा होता. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ जाड झाली की पोट भरून जातं, आणि ‘स्म’ या जोडाक्षराला जागा जास्त लागते. ते पाच अक्षरांचं नाव, हे चार अक्षरांचं. त्याच लांबीच्या पत्र्यावर नवं नाव लिहायला घेतलं तर प्रत्येक अक्षराला थोडी अधिक जागा मिळते. ती जागा अक्षर फुगवण्यासाठी वापरायची, की त्याच्या आतली आणि आजूबाजूची हवा वाढवण्यासाठी, हा निर्णय पाटी करणाऱ्याच्या हातात असतो.

आठ तालुक्यांची परीक्षा

टाइप घडवणारे नवं अक्षर तपासायला निवडक शब्द लिहून बघतात. आपल्याला शब्द शोधायला लांब जायला नको. जिल्ह्याचे आठ तालुके हीच पुरी प्रश्नपत्रिका आहे.

‘भूम’मध्ये ‘भ’ आणि ‘म’ शेजारी बसले आहेत. त्यांच्यातला फरकही तोच, डोक्यावरच्या मोकळ्या जागेचा आणि गाठीचा. ती बुजली की ‘मूम’ झालं. ‘कळंब’मध्ये वर्तुळांची जत्रा आहे आणि अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला न चिकटता वर राहिला पाहिजे. ‘परंडा’त तोच ठिपका ‘र’वर, आणि पुढे ‘ड’ची शेपटी दुमडून आत येते. ‘उमरगा’त ‘उ’ला एकाखाली एक दोन वाट्या बसवायच्या असतात आणि जाडी वाढली की उंची पुरत नाही. शिवाय ‘ग’चा आकडा दंडापासून सुटा राहिला पाहिजे. ‘लोहारा’तला ‘ह’ सगळ्यात हट्टी, त्याच्या घड्या जाडीत एकमेकींवर पडतात. ‘वाशी’त दीर्घ वेलांटीची कमान शेवटी मागे झुकते. ‘तुळजापूर’ला दोन उकार सांभाळायचे आहेत, एक ऱ्हस्व, एक दीर्घ, आणि लांबून दोन्ही वेगळे कळायला हवेत. आणि ‘धाराशिव’चं वर सांगितलंच.

ही आठ नावं ज्या जाड अक्षरात लांबून स्वच्छ वाचता येतील, ते अक्षर महाराष्ट्रातल्या कोणत्याही रस्त्यावर लावायला हरकत नाही.

खिळ्यापासून पडद्यापर्यंत

मराठी टाइप घडवण्याची परंपरा मोठी आहे. जावजी दादाजी यांनी १८६९मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि तिथे राणोजी रावजी आरू यांच्या हातून देवनागरीचे देखणे खिळे घडले. तो काळ खिळा, जुळारी आणि कातीव ठशांचा. जाडीत एखादी चूक झाली की ती शिशात ओतली जायची आणि हजारो कागदांवर उमटायची. म्हणून पंच कापणारा कारागीर आतल्या पोकळीचा विचार आधी करायचा. बापूराव नाईक यांनी १९७१मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, त्यात ही सगळी कारागिरी नोंदलेली आहे.

छापखान्याच्या बाहेर दुसरी धार होती, हाताने काढलेल्या शीर्षकांची. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी रेखाटली, की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाव बघूनच नाटकाचा स्वभाव कळावा. २०२०मध्ये ते गेले. जाड अक्षराला भारदस्तपणा, खोडकरपणा, दरारा हे सगळं देता येतं, हे त्यांच्या पिढीने दाखवलं.

मग संगणक आला. पुण्याच्या सी-डॅक आणि मॉड्युलर इन्फोटेक यांसारख्या संस्थांमुळे डीटीपीच्या दुकानांत देवनागरी पोचली. तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या यंत्रातही श्रीलिपी ही संगणकप्रणाली असायची. तरी ठळक शीर्षकासाठी हाताशी मोजकीच वळणं होती, आणि त्यांना ताणून, फुगवून काम भागवलं जायचं.

गेल्या बारा-पंधरा वर्षांत हे चित्र पालटलं. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४च्या सुमारास ‘पॉपिन्स’ आणला. त्याची देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी घडवली. वर्तुळावर उभा असलेला, नऊ जाडींमध्ये मिळणारा हा फाँट. या घडणीत वेगवेगळ्या जाडींचा हा पहिलाच देवनागरी फाँट असं त्याच्या निर्मात्यांचं म्हणणं आहे. त्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यातली रोमन मोठी अक्षरं देवनागरीपेक्षा उंचीने कमी ठेवली आहेत. दोन लिप्या शेजारी आल्या तर देवनागरी दबत नाही. पाट्यांच्या कायद्याने जे २०२२मध्ये सांगितलं, ते या फाँटच्या घडणीत आधीच होतं.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने वेगळी वाट धरली. सारंग कुलकर्णी यांच्या ‘मोदक’ या फाँटमध्ये देवनागरी अक्षर फुगवता येईल तितकं फुगवलं आहे. नाव ऐकूनच कल्पना येते. त्यात अक्षराची पोकळी केसाएवढ्या रेघेइतकी उरते. तरी ‘ध’ हा ‘ध’च राहतो, कारण प्रत्येक अक्षरातली ती बारीक रेघ हाताने, विचार करून ठेवलेली आहे. त्यांचाच ‘बलू’ हा गुटगुटीत फाँट देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांत आहे. उमरग्याच्या सीमेवर एकाच फलकावर मराठी आणि कन्नड लिहायचं असेल तर दोन्ही अक्षरं एका घरातली दिसतील, अशी सोय त्यात आहे. ‘यात्रा वन’ हा कॅथरीन ली श्मिट यांचा फाँट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचला. पेंटरचा हात असा फाँटच्या रूपाने टिकून राहिला.

हे सगळे फाँट मोफत आहेत. दुकानदाराला, ग्रामपंचायतीला, शाळेला ते परवान्याचे पैसे न भरता वापरता येतात. म्हणजे चांगलं अक्षर परवडत नाही, ही सबब आता उरलेली नाही.

ताणलेलं अक्षर

मग रस्त्यावर अजूनही वाकडीतिकडी अक्षरं का दिसतात? कारण फलक तयार करताना अक्षराला रबरासारखं ओढलं जातं. नाव लहान आणि फलक रुंद असला की अक्षर दोन्ही बाजूंनी ताणायचं. आडवं ताणलं की उभे दंड जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. उभं ताणलं की उलटं. हस्ताक्षराच्या वळणात हे थोडं खपून जातं. भौमितिक अक्षरात खपत नाही, कारण वर्तुळाचं अंडं झालेलं नजरेला लगेच कळतं.

दुसरी सवय कडेने रेघ वाढवण्याची. एक पांढरी रेघ, त्याबाहेर लाल, त्याबाहेर सावली. अक्षर बाहेरून वाढतं तसंच आतूनही वाढतं, आणि आतली पोकळी गिळली जाते. जाडी हवी असेल तर फाँटमध्येच दिलेली जाड वळणं वापरावीत. ती घडवताना कोणीतरी ‘ध’चं तोंड आणि ‘ब’चं पोट आधीच सांभाळलेलं असतं.

आणि प्रत्येक ठिकाणी जाड भौमितिक अक्षर चालत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. ते हाक मारण्यासाठी असतं, गप्पा मारण्यासाठी नाही. गावाचं नाव, दुकानाचं नाव, कार्यक्रमाचं शीर्षक, बसची पाटी, इशारा, यासाठी ते उत्तम. पण पूर्ण निमंत्रण किंवा श्रद्धांजलीचा मजकूर त्यात घातला की वाचणाऱ्याच्या अंगावर कोणी ओरडतंय असं वाटतं. जानेवारी २०२०मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिव शहरातच भरलं होतं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. अशा सोहळ्यात स्वागताच्या कमानीवर जाड अक्षर शोभतं, परिसंवादाच्या पत्रिकेवर साधं. हा विवेक आपल्या घरांत असतोच. आपण देवघरात हळू बोलतो आणि शेतात हाळी देतो.

तेरचं थापटणं

धाराशिवजवळ तेरणेच्या काठी तेर आहे. प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं नगर. तिथल्या संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेली सातवाहनकालीन मातीची भांडी, मूर्ती, मणी आहेत. आणि तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव. गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन कोणतं मडकं कच्चं, कोणतं पक्कं हे पारखलं, ती कथा घराघरांत सांगितली जाते.

त्या संग्रहालयातली भांडी बघताना मला अक्षरांचं कोडं उलगडल्यासारखं झालं. कुंभार माती थापतो, पण पाणी राहतं ते मातीने वेढलेल्या पोकळीत. भिंत जाड केली की मडकं भक्कम होतं, आणि ती वाढवतच गेलं तर आत पाणी मावायला जागाच उरत नाही. ठळक अक्षराचं तेच आहे. आपण रंग बघतो, शाई बघतो, जाडी बघतो. वाचतो मात्र आतली आणि मधली मोकळी जागा. ‘व’ वाचला जातो त्याच्या पोटामुळे, ‘ध’ त्याच्या उघड्या तोंडामुळे, ‘धाराशिव’ त्या सहा खांबांमधल्या फटींमुळे. म्हणून माझं मत साधं आहे. अक्षर ठळक करणं म्हणजे जाडी वाढवत असताना पोकळी राखणं. ज्याला हे जमलं, मग तो चपटा ब्रश धरणारा पेंटर असो की संगणकावर फाँट घडवणारा, त्याचं अक्षर पक्कं.

पक्कं की कच्चं हे पारखायला थापटणंही आपल्याकडे आहे. ते म्हणजे अंतर. संगणकाच्या पडद्यावर, हातभर अंतरावरून, कोणतंही अक्षर पक्कंच वाटतं.

जिल्ह्यातल्या पाट्या अजून बदलत आहेत. काही ठिकाणी नवं नाव जुन्या नावावर चिकटवलेलं आहे, काही ठिकाणी फलकांचे रंग उन्हाने उडाले आहेत आणि ते फलक पुन्हा करावेच लागतील. ग्रामपंचायतीचे सदस्य, मुख्याध्यापक, दुकानदार, फ्लेक्स करणारी मुलं, तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे. फलक छापायला देण्याआधी नाव एका कागदावर मोठं छापून घ्या, ते समोरच्या भिंतीला चिकटवा आणि रस्ता ओलांडून पलीकडे जा. डोळे बारीक करा. आणि बाकी काही बघितलं नाही तरी ‘ध’चं तोंड उघडं आहे का, एवढं बघा.